घरातला पडदा किती इंची असावा?

दसऱ्याला एखादी नवी वस्तू घरात आणावी, ही आपल्या व्यापारी घरांची जुनी रीत आहे. २०२५ च्या दसऱ्याला आमच्या घरी कोणती वस्तू यायची याविषयी मतभेद नव्हता. तेरा वर्षांपूर्वी, मी नोकरीत असताना घेतलेल्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर मधोमध एक उभी हिरवी रेघ उमटली होती. दुरुस्ती करणाऱ्याने संच पालथा घालून पाहिला आणि पडदाच निकामी झाला आहे, तो बदलण्यापेक्षा नवा संच घेणे परवडेल, असा निर्वाळा दिला. मतभेद होता तो नवा संच किती इंची घ्यावा, याविषयी.

चिरंजीव सांगलीच्या गणपती पेठेतील आमच्या भुसार दुकानात माझ्या धाकट्या बंधूंबरोबर बसतात. त्यांचे म्हणणे असे की, घ्यायचाच तर ७५ इंची घ्यावा. त्यांच्या दोन मित्रांच्या घरी तेवढाच आहे. माझे म्हणणे असे की, जुना ३२ इंची होता, आता ४३ इंची घेतला तरी पुष्कळ झाले. चौथीत शिकणारा नातू अर्थातच वडिलांच्या पक्षात होता. सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही दोघं ठरवा. फक्त पुसताना माझा हात पोचेल एवढाच आणा." माझ्या मातोश्रींना, म्हणजे घरादाराच्या आक्कांना, मात्र कोणी काही विचारले नाही. आक्कांचे वय अठ्ठ्याऐंशी. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले की त्या हॉलच्या मागच्या भिंतीलगतच्या दिवाणावर जपमाळ घेऊन बसतात. टीव्ही चालू असला तरी त्यांना त्यात फारसे स्वारस्य नाही, अशी आम्हा सर्वांची समजूत होती. ती किती चुकीची होती, ते पुढे येईलच.

खरेदीला मुहूर्ताइतकेच आणखी एक निमित्त होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी १८ टक्क्यांची सवलत फक्त ३२ इंचांपर्यंतच्या संचांना होती. त्यामुळे ३२ हा आकडा मध्यमवर्गीय घरांच्या मनात जणू लक्ष्मणरेषेसारखा बसला होता. माझ्याही बसला होता. जाता जाता हिशेबाची एक गोष्ट सांगतो. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे वस्तू दहा टक्क्यांनी स्वस्त झाली, असे अनेकांना वाटले. मूळ किंमत १०० रुपये धरली तर पूर्वी १२८ द्यावे लागत, आता ११८ द्यावे लागतात. म्हणजे १२८ वर १० रुपयांची बचत, सुमारे पावणेआठ टक्के. बचत चांगलीच आहे, परंतु ती दहा टक्के नाही. बचत दिसली की माणूस ती खिशात ठेवण्याऐवजी वस्तूचा आकार वाढविण्यात घालतो. आमच्याही घरात नेमके तेच घडू पाहत होते.

एका रविवारी आम्ही पिता-पुत्र नातवासह एका मोठ्या दुकानात गेलो. दुकान कसले, छोटे सभागृहच ते. उंच छत, लांबलचक भिंत आणि तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले पडदे. प्रत्येकावर फुलांच्या बागा आणि रंगीत पक्षी. ८५ इंचीच्या शेजारी ६५ इंची बिचारा वाटत होता आणि मी मनाशी ठरविलेला ४३ इंची तर कोपऱ्यात दडून बसल्यासारखा दिसत होता. त्या भल्यामोठ्या दालनात वीस फुटांवरून पाहताना ७५ इंची सुद्धा बेताचाच भासला. वस्तू तीच, पण ज्या जागेत ती पाहायची ती जागा तेथे आपल्याबरोबर नसते, ही साधी गोष्ट दुकानात लक्षात येत नाही. शिवाय तेथील संच सर्वांत भडक उजेडावर ठेवलेले असतात आणि त्यांच्यावर दाखविली जाणारी चित्रे खास त्यासाठी चित्रित केलेली असतात. आपल्या घरी रात्री आठ वाजता लागणारी मालिका तेथे कोणी लावून दाखवीत नाही.

विक्रेता तरुण आणि बोलका होता. त्याने हप्त्यांचे गणित मांडले. समजा ५५ इंची संच ४५,००० रुपयांना आणि ६५ इंची ६६,००० रुपयांना असेल, तर फरक २१,०००. बारा हप्त्यांत महिना अवघे १,७५० जादा. "काका, महिन्याला एवढ्यानं काय होतंय?" आयुष्यभर कर्जाचे हप्ते बांधून देण्यात गेलेल्या माणसाला तो हे सांगत होता. मी त्याला एवढेच विचारले, की रोख दिले तर किती सूट? सूट होती. म्हणजे 'विनाव्याज' हप्त्यांत ती सूट सोडून द्यायची, ती सोडलेली सूट म्हणजेच व्याज, आणि क्रेडिट कार्डावर घेतले तर त्या व्याजाच्या भागावर १८ टक्के कर वेगळा. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. हप्त्याने घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. दुकानदारीत भांडवल मोकळे ठेवण्यासाठी ते कधी सोयीचेही असते. परंतु हप्त्याच्या आकड्यावरून पडद्याचा आकार ठरवू नये. हप्ता बारा महिन्यांत संपतो, पडदा भिंतीवर दहा वर्षे राहतो.

मी त्या दिवशी काहीच न घेता परत फिरलो. चिरंजीव नाराज झाले. गाडीत म्हणाले, "अण्णा, टीव्ही घ्यायचाय, कोणाला कर्ज मंजूर करायचं नाही." टोला बरोबर बसला. परंतु छत्तीस वर्षांची सवय सुटत नाही. हळदीच्या आणि गुळाच्या व्यापाऱ्यांना मालतारणावर कर्ज देताना स्टॉक स्टेटमेंटवर पोत्यांचा आकडा कितीही सुबक लिहिलेला असो, गोदामात जाऊन थप्प्या मोजल्याखेरीज मी सही केली नाही. घरी आल्यावर दुकानातील मोजपट्टी मागविली आणि आमच्या हॉलची तपासणी सुरू केली.

प्रथम पडद्याचे माप समजून घेतले पाहिजे. संचाचे इंच म्हणजे त्याची रुंदीही नव्हे आणि उंचीही नव्हे. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचा तो कर्ण आहे. खोक्यावर हाच आकडा सेंटिमीटरमध्येही छापलेला असतो. आजच्या पडद्यांची रुंदी आणि उंची १६ ला ९ या प्रमाणात असते. त्यावरून ४३ इंची पडदा सुमारे साडेसदतीस इंच रुंद व २१ इंच उंच भरतो; ५५ इंची ४८ इंच रुंद व २७ इंच उंच; ६५ इंची पावणेसत्तावन्न इंच रुंद व ३२ इंच उंच; आणि ७५ इंची साडेपासष्ट इंच रुंद व ३७ इंच उंच. कर्ण वाढतो त्यापेक्षा क्षेत्रफळ बरेच झपाट्याने वाढते. ४३ वरून ५५ वर गेल्यास इंच २८ टक्क्यांनी वाढतात, चित्र मात्र ६४ टक्क्यांनी मोठे होते. म्हणून 'बाराच इंच तर जास्त आहे' या बोलण्याला अर्थ नाही.

याच गणितात मला माझी एक जुनी चूक सापडली. ३२ इंचीच्या आधी आमच्याकडे २९ इंची जाडजूड काचेचा संच होता. त्याचा पडदा ४ ला ३ या प्रमाणाचा, म्हणजे बराचसा चौकोनी. त्याच्या जागी ३२ इंची सपाट संच आणला तेव्हा आपण मोठा पडदा आणला अशा आनंदात मी होतो. आता मोजले तर नव्याची उंची पावणेसोळा इंच. जुन्याच्या दिसणाऱ्या काचेची उंचीही जवळजवळ तेवढीच होती. रुंदी वाढली, परंतु पडद्यावरच्या माणसाचा चेहरा काही मोठा झाला नाही. तेरा वर्षे ही गोष्ट माझ्या ध्यानी आली नव्हती.

दुसरे माप अंतराचे. पडद्यापासून सोफ्यापर्यंत नव्हे, तर पडद्यापासून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत. आमचा हॉल १४ फूट लांबीचा. आखूड भिंतीवर टीव्ही, समोर सोफा, त्याच्या मागे येण्याजाण्याची वाट आणि पलीकडे भिंतीला आक्कांचा दिवाण. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांपासून पडद्याचे अंतर साडेसात फूट, म्हणजे ९० इंच भरले.

या अंतराचे गणित जगभर दोन प्रकारे मांडले जाते. एसएमपीटीई या चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी शिफारस अशी की, पडद्याने नजरेपुढील सुमारे ३० अंशांचा भाग व्यापावा. चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असल्यास टीएचएक्स ही संस्था ४० अंश सांगते. त्रिकोणमिती बाजूला ठेवून व्यवहाराची भाषा करायची तर अंतराच्या इंचांना १.६ ने भागावे, म्हणजे रोजच्या पाहण्याचा पडदा मिळतो, १.२ ने भागावे, म्हणजे सिनेमाची आवड असणाऱ्याचा. ९० भागिले १.६ म्हणजे सुमारे ५६. ९० भागिले १.२ म्हणजे ७५!

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत, एवढा त्यांचा चांगुलपणा. माझ्या ४३ इंचीला हाच नियम लावला तर बसण्याची जागा पावणेसहा फुटांवर हवी होती, आणि आमच्या हॉलमध्ये पावणेसहा फुटांवर कोणीही बसत नव्हते. ज्याला मी काटकसर समजत होतो ती मोजमापाविना केलेली काटकसर होती, आणि ज्याला मी उधळपट्टी समजत होतो ती मागणी नियमात बसत होती.

मग आम्ही लहानपणापासून ऐकत आलो ते 'लांब बसा' कोठून आले? त्याला त्या काळी कारण होते. जुन्या संचांचे चित्र ६२५ ओळींवर बेतलेले असे. जवळ गेले की त्या ओळी दिसत, चित्र थरथरे, म्हणून मागे सरकावे लागे. आजच्या 'फोर के' पडद्यावर ३,८४० बाय २,१६० ठिपके असतात. ५५ इंचीवर ते ठिपके चांगल्या डोळ्यांनाही साधारण साडेतीन फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. 'फुल एचडी'चे असतील तर सात फुटांपलीकडून. अर्थात हे चित्र तितके स्पष्ट येत असेल तर. आपल्या घरी केबलवर अनेक वाहिन्या अजूनही साध्या स्वरूपात येतात. मोठा पडदा अशा वाहिनीचे चित्र सुधारीत नाही, उलट तिचे दोष मोठे करून दाखवितो. जुने मराठी चित्रपट तर चौकोनी, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि ५५ इंचीवरही चित्र ४५ इंचीएवढेच दिसते. घरात प्रामुख्याने काय पाहिले जाते, हे म्हणूनच अंतराइतके महत्त्वाचे आहे.

तिसरे माप भिंतीचे. आमच्या टीव्हीच्या भिंतीवर एका बाजूला आतल्या खोलीचे दार आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकांचे कपाट. मधली मोकळी जागा ६२ इंच. ७५ इंची संच साडेपासष्ट इंच रुंद. तो दारावर आला असता. गणिताने मंजूर केलेला प्रस्ताव भिंतीने नामंजूर केला. चिरंजीवांनी स्वतः दोनदा पट्टी लावून पाहिली आणि मान्य केले. आता निवड ५५ आणि ६५ यांत उरली. ६५ इंची भिंतीवर मावत होता, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच सोडून.

नुसत्या आकड्यांवरून डोळ्यांपुढे चित्र उभे राहत नाही, म्हणून दुकानातून खाकी कागदाचे भेंडोळे आणले. नातवाने आणि मी जमिनीवर बसून ५५ इंची व ६५ इंची अशा मापांचे दोन तुकडे कापले. प्रथम मोठा भिंतीवर चिकटविला, त्याच्यावर लहान. दोन दिवस तसेच राहू द्यायचे, येता-जाता पाहायचे आणि मग ठरवायचे, असा बेत होता. हा उपाय मी सर्वांनाच सुचवीन. त्याला दहा रुपयांचाही खर्च नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्कांनी दिवाणावरून विचारले, "भिंतीला ते काय लावलंय रे?"

"नव्या टीव्हीचं माप आहे, आक्का. एवढा मोठा आणायचा विचार आहे. चालेल ना तुला?"

"मला काय बाळ, कसलाही आण. मी तर ऐकतेच."

"ऐकतेस म्हणजे?"

"चेहरे कुठं दिसतात मला इथनं? नुसतं हलताना दिसतंय. कोण बोलतंय ते आवाजावरनं ओळखते."

हे त्यांनी अगदी सहज सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. हातातली माळही थांबली नव्हती. मी मात्र हातात पट्टी घेऊन उभा होतो तसाच राहिलो. चार-पाच वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ मला आठवली. आक्कांनी वेताची खुर्ची ओढत आणून टीव्हीजवळ ठेवली होती. मी बातम्या पाहत होतो. म्हणालो होतो, "आक्का, एवढ्या जवळ नको बसूस, डोळे खराब होतील. मागे दिवाणावर बस." त्या उठल्या आणि मागे गेल्या. पुन्हा कधी पुढे आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत हे मी कधी विचारले नाही. त्यांना टीव्हीत स्वारस्य नाही असे मीच ठरवून टाकले.

१९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागत असे, तेव्हा आमच्या जुन्या घरात २० इंची कृष्णधवल संचापुढे अर्धी गल्ली जमत असे. सारे सतरंजीवर, पडद्यापासून चार-पाच फुटांवर दाटीवाटीने बसत. आक्का सर्वांत पुढे. पुढे घरात सोफे आले, मधे काचेचे टेबल आले आणि माणसे पडद्यापासून मागे मागे सरकत गेली. पडदा वाढल्याचा आनंद आम्ही साजरा केला, अंतर वाढल्याची नोंद कोणी ठेवली नाही.

आक्कांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानाने झीज झाली आहे, हे आम्हाला ठाऊक होते. औषधे चालू होती, तपासणीला मीच नेत असे. परंतु त्या दुखण्याचा अर्थ घरात रोज काय होतो, हे मी डॉक्टरांना कधी विचारले नव्हते. या वेळी गेलो तेव्हा विचारले. डॉक्टर म्हणाले, "अशा दुखण्यात समोर पाहिलेला चेहराच नेमका पुसट होतो. चष्म्याचा नंबर वाढवून फारसा उपयोग नाही. वस्तू मोठी करा किंवा जवळ आणा. अंतर निम्मे केले की डोळ्यात पडणारी प्रतिमा दुप्पट होते." मी भीत भीत विचारले, जवळ बसून डोळे बिघडत नाहीत का? ते हसले. जवळून टीव्ही पाहिल्याने डोळ्यांना कायमची इजा होत नाही. फार तर डोळे थकतात आणि विश्रांतीने बरे वाटते. ही भीती फार जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत संचांतून मर्यादेपेक्षा अधिक क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे आढळले होते आणि ते संच दुरुस्त करावे लागले होते. त्या काळच्या काचेच्या नळीबरोबर तो प्रश्नही गेला. लहान मूल फारच जवळ जाऊन पाहत असेल, तर त्याला दटावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. जवळ बसणे हे कित्येकदा कमी दिसण्याचे कारण नसून लक्षण असते, असेही त्यांनी सांगितले. आक्कांची खुर्ची पुढे आली होती तीही लक्षण म्हणूनच.

घरी येऊन मी हे सांगितले. चिरंजीव काही न बोलता उठले, माळ्यावर टाकलेली वेताची खुर्ची त्यांनी काढली, पुसली आणि त्या जुन्या, हिरव्या रेघेच्या संचापुढे चार फुटांवर ठेवली. मग आक्कांना हात धरून आणून तिच्यावर बसविले. मालिका चालू होती. आक्का बराच वेळ टक लावून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही एवढीशी पोर आहे होय? आवाजावरनं मला वाटलं चांगली दांडगी बाई असंल." सगळे हसले. मीही हसलो, पण मला तिथून उठून गॅलरीत जावे लागले.

बारा फुटांवरून चार फुटांवर आल्याने प्रतिमा तिप्पट झाली होती. खर्च शून्य. आयुष्यभर गोदामे तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातील भिंत, सोफा, दार, कपाट सारे मोजले होते. दिवाणापर्यंत मात्र पट्टी नेलीच नव्हती.

त्यानंतर ५५ की ६५ हा प्रश्न उरलाच नाही. तो चिरंजीवांनीच सोडविला. म्हणाले, "अण्णा, पंचावन्न घेऊ. आक्का साडेचार फुटांवर बसणार. त्यांना मान फिरवायला लागू नये." हिशेब बरोबर होता. साडेचार फुटांवरून ५५ इंची पडदाच नजरेपुढील सुमारे ४८ अंश व्यापतो; ६५ इंची तर ५५ अंश व्यापला असता आणि पडद्याच्या दोन कडांना उभ्या असलेल्या पात्रांसाठी मान इकडून तिकडे न्यावी लागली असती. शिवाय आक्का पाहतात त्या मालिका आणि प्रवचने आमच्या केबलवर साध्या स्वरूपातच येतात, ती ६५ इंचीवर फाटल्यासारखी दिसली असती. सोफ्यावरच्यांना साडेसात फुटांवरून ५५ इंची नियमाप्रमाणे योग्यच. आणि आक्कांपुरते पाहिले तर ३२ इंची बारा फुटांवरून आणि ५५ इंची साडेचार फुटांवरून, यांत प्रतिमा साडेचारपटींहून थोडी अधिक मोठी होते. त्यातील पावणेदोन पट वाढ नव्या संचाची आणि उरलेली पावणेतीन पटींच्या आसपासची त्या जुन्या खुर्चीची.

संच लावतानाच्या दोन-तीन गोष्टी येथे सांगून ठेवतो, कारण आकार बरोबर निवडूनही घरोघरी त्या चुकतात. लावणारा मुलगा संच पाच फुटांवर लावायला निघाला होता. सगळीकडे तसाच लावतात म्हणे. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा. आमच्या सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून ४० इंचांवर येतात. पडदा २७ इंच उंच, म्हणून त्याची खालची कड साडेसव्वीस इंचांवर ठेवली. "काका, एवढं खाली कोणी लावत नाही," असे तो म्हणाला, परंतु लावून झाल्यावर स्वतःच सोफ्यावर बसून पाहू लागला. गादी-तक्क्यावर बसून पाहणारी घरे असतील, तर तेथे डोळे आणखी खाली असतात, हेही ध्यानात घ्यावे. भिंतीवर न लावता टेबलावर ठेवायचा असल्यास संचाच्या दोन पायांमधील अंतर आधी विचारावे. मोठ्या संचांचे पाय अनेकदा दोन टोकांना असतात आणि जुन्या टेबलावर ते मावत नाहीत. खिडकीचा उजेड समोरून पडद्यावर पडत असेल तर केवढाही मोठा पडदा दिवसा आरशासारखाच होतो. आम्ही पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. काही पडद्यांचे रंग बाजूने पाहिल्यास फिके पडतात, म्हणून दुकानात समोर उभे राहून पाहावे तसे तिरपे उभे राहूनही पाहावे. आणि घरी आल्यावर तो दुकानातला भडक उजेड तेवढा कमी करावा. सेटिंगमध्ये 'सिनेमा' किंवा त्यासारखा पर्याय असतो.

सुज्ञ वाचकांना माझे सांगणे एवढेच, की दुकानात जाण्याआधी घरात तीन मापे घ्यावीत: डोळ्यांपासून भिंतीपर्यंतचे अंतर, भिंतीची मोकळी रुंदी आणि बसल्यावर डोळ्यांची उंची. पहिले माप घेताना ते फक्त सोफ्यापासून घेऊ नये. घरात जो सर्वांत मागे बसतो त्याच्यापासूनही घ्यावे, आणि तो तेथे का बसतो हे त्याला विचारावे. आपल्या एकत्र कुटुंबांत मागे बसणारी माणसे बहुधा न विचारता सांगत नाहीत.

दिवाळीत पाहुणे आले तेव्हा हॉलच्या मधोमध ठेवलेली वेताची खुर्ची पाहून कोणी विचारले, की आक्का अशा पुढे का बसल्या आहेत? मी उत्तर देण्याआधीच नातू म्हणाला, "तिथनंच दिसतं त्यांना." आता ती खुर्ची पाहुण्यांसाठी उचलली जात नाही. पाहुणे बाजूला बसतात.

परवा रात्री मी सोफ्यावर बसून बातम्या पाहत होतो. खालच्या पट्टीतील बारीक अक्षरे वाचण्यासाठी डोळे बारीक करून पुढे वाकलो होतो. आक्कांनी वळून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तू पण खुर्ची घेऊन पुढं ये की. मागनं काय दिसतंय तुला?"

मी स्वयंपाकघरातून एक खुर्ची आणली आणि त्यांच्या शेजारी बसलो.